प्लेटताईंचं सबकल्चर

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायची. तिथून पुढच्या बावीस पायऱ्या पायी चढल्या की उजव्या हाताला जंतूंची प्रयोगशाळा लागायची आणि तिच्या दारातच प्लेटताई भेटायच्या. एकोणतीस वर्षं त्या तिथे तंत्रज्ञ होत्या. हे नाव त्यांना कँटीनवाल्याने दिलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी घाईघाईत त्याला सांगितलं होतं, "दादा, चहा पटकन द्या, वर माझ्या चाळीस प्लेटा थंड व्हायच्यात." त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई वर कसला तरी जेवणाचा धंदा करतात. गैरसमज दूर झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या प्लेटा म्हणजे तळहाताएवढ्या काचेच्या झाकणवाल्या चपट्या डब्या. त्यात जंतूंचं खाणं ओतायचं, ते गार होऊन जेलीसारखं घट्ट झालं की त्यावर रुग्णाचा नमुना लावायचा आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी जेलीवर ठिपके उगवलेले दिसतात. याला प्रयोगशाळेत कल्चर म्हणतात. मग त्यातला एखादा ठिपका तारेच्या टोकावर उचलून दुसऱ्या ताज्या प्लेटवर नेऊन लावायचा. हे झालं सबकल्चर. प्लेटताई दिवसाला तीस-चाळीस सबकल्चर मारायच्या. हो, मारायच्याच. तिथे सगळे तसंच म्हणत. "ताई, माझी दोन सबकल्चर मारून ठेवा ना, मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते," असं कोणीतरी म्हणायचं आणि ताई हातातली तार ज्योतीत धरत म्हणायच्या, "जा गं बाई, दात सांभाळ."

त्यांचा हात म्हणजे हात होता. तारेच्या टोकाला बारीकसा वेढा असतो, त्याला लूप म्हणतात. तो लाल होईपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, ठिपक्याला टेकवायचा आणि नव्या जेलीवर नागमोडी ओढायचा. नवीन मुलं जेली फाडून ठेवायची. ताईंची रेघ मात्र अशी उमटायची की विभागप्रमुख मॅडम शिकाऊ डॉक्टरांना ती प्लेट उजेडात धरून दाखवायच्या. ताई कोपऱ्यात उभ्या राहून दुसरीकडे बघत असल्यासारखं करायच्या. कान मात्र तिकडेच.

तर अशा या ताईंना एके दिवशी पत्र आलं.

जाड, पांढरं पाकीट होतं, वर गावातल्या मोठ्या महाविद्यालयाचा शिक्का. आत लिहिलं होतं : 'सबकल्चर : अर्थ आणि वापर या विषयावर पुढच्या महिन्यात आमच्याकडे एकदिवसीय चर्चासत्र भरत आहे. या क्षेत्रातील आपला प्रदीर्घ अनुभव लक्षात घेता आपण वीस मिनिटांचं भाषण करावं, ही नम्र विनंती.'

ताईंनी पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. एकोणतीस वर्षांत त्यांना कोणी बोलायला बोलावलं नव्हतं. खाली सही करायला बोलावलं होतं, चावी द्यायला बोलावलं होतं, एकदा कपाटामागे गेलेला सरडा काढायलाही बोलावलं होतं. भाषणाला कधीच नाही.

"मॅडम, हे चुकून आलंय का हो?" त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं.

मॅडमनी पत्र वाचलं. "चुकून कशाला? नाव तुमचं, पत्ता आपला. सबकल्चरवर या गावात तुमच्याहून जास्त कोणाला कळतं? जा तुम्ही. आणि त्यांना एवढं सांगा, की लूप गार झाल्याशिवाय कल्चरला टेकवू नका. गेल्या वर्षी त्यांच्याकडून आलेल्या मुलीने माझे सगळे ठिपके भाजून काढले."

मॅडमचाही असाच समज झाला होता की चर्चासत्र महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाचं आहे. पत्रात विभागाचं नावच नव्हतं.

घरी ताईंचे यजमान कुलुपं दुरुस्त करायचे. बाहेरची खोली हेच दुकान. टेबलावर किल्ल्यांचे जुडगे, कानशी आणि ग्रीसचे डबे, आणि त्या पसाऱ्यात एक मोठा माणूस, जो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "छान."

"नुसतं छान? अहो, वीस मिनिटं बोलायचंय मला."

"मला म्हणून दाखव मग. सवय होईल."

ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घसा खाकरला. "सन्माननीय अध्यक्ष आणि..."

यजमानांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. "ते सन्माननीय राहू दे. तू नक्की काय करतेस गं तिथे? इतकी वर्षं मी लोकांना सांगतो, बायको दवाखान्यात असते. पण काय करतेस?"

आणि लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर ताईंनी आपल्या नवऱ्याला सबकल्चर समजावून सांगितलं. कानशीचा लूप केला, ताटलीची प्लेट केली. यजमान मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे मूळ किल्ली झिजायच्या आत दुसरी कापून ठेवायची." ताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "साधारण तसंच. फक्त तुमची किल्ली रात्रीत लाखभर होत नाही." त्यावर यजमान मोठ्याने हसले, आणि त्या हसण्याने ताईंची भीती निम्मी झाली.

तयारी त्यांनी जोरात केली. रुग्णालयातला एकही जंतू दाराबाहेर न्यायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात दारावर चिकटवला होता, तेव्हा तो मोडायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी बेकरीतून पाव फुगवायचं यीस्ट आणलं. पत्र आलं त्याच आठवड्यात एका प्लेटवर ते वाढवलं आणि प्लेट मुद्दाम फळीवर तशीच सोडून दिली. महिनाभरात ती जेली सुकून आक्रसली, तिला भेगा पडल्या आणि ठिपके मळकट झाले. मग कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी त्यांनी त्या मळक्या प्लेटवरून ताज्या प्लेटवर सबकल्चर मारलं. पांढरेशुभ्र ठिपके उगवले, शर्टाच्या बटणांसारखे गोल. ताईंनी दोन्ही प्लेटांना चिकटपट्टी लावली, एक कोरी ताजी प्लेट घेतली, लूप आणि स्पिरिटचा दिवा घेतला, आणि सगळं यजमानांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरलं. डब्यावर लिहिलं होतं, 'बिजागऱ्या'.

महाविद्यालयाच्या दाराशी छातीला बिल्ला लावून घेतला आणि ताई आत शिरल्या. व्हरांड्यात मोठमोठे फोटो लावले होते. एकात अंगभर गोंदलेला माणूस. दुसऱ्यात चामड्याची जाकिटं घातलेला मोटारसायकलवाल्यांचा घोळका. तिसऱ्यात कबुतरांना हवेत सोडणारे म्हातारे. ताईंना वाटलं, शेजारी चित्रकलेचं काहीतरी प्रदर्शन असणार. त्या सभागृहात जाऊन दुसऱ्या रांगेत बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

समाजशास्त्राचे सर उठले. सडपातळ, उत्साही माणूस. "मित्रहो," ते म्हणाले, "सबकल्चर म्हणजे उपसंस्कृती. मोठ्या समाजाच्या पोटात राहणारा, पण स्वतःची भाषा, स्वतःचा पोशाख, स्वतःचे नियम असणारा माणसांचा गट..."

माणसांचा?

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोणालाही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. सर पुढे बोलत होते. मुख्य संस्कृती, तिच्याशी फटकून वागणं, ओळखीच्या खुणा. दहा मिनिटं गेली तरी जेलीचं नाव नाही. मग ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन सरकली. मांडीवरचा डबा एकाएकी मणभर वजनाचा झाला.

शेजारच्या खुर्चीवर एक विशीतली मुलगी बसली होती. डोक्याची एक बाजू भादरलेली, दुसऱ्या बाजूला निळेभोर केस. पायाशी चार चाकांची फळी, म्हणजे स्केटबोर्ड. गुडघ्यावर खपली. तिच्या पलीकडे तशाच फळ्या घेतलेली चार-पाच मुलंमुली ओळीने बसली होती.

ताई तिच्याकडे झुकून कुजबुजल्या, "अगं, मी चुकून आलेय इथे. मागचा दरवाजा कुठे आहे?"

"काय झालं काकू?"

"मी जंतूंची आहे."

मुलीने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा 'बिजागऱ्या' लिहिलेल्या डब्याकडे. मग हसू दाबत म्हणाली, "बसा हो. आम्हाला तरी काय कळतंय? आम्हाला नमुना म्हणून बोलावलंय."

"नमुना?"

"हो ना. सर बोलणार आणि मग आम्हाला उभं करून दाखवणार. हे बघा, उपसंस्कृती."

ताईंनाही हसू आलं. "नमुने तर माझ्याकडे रोज येतात," त्या म्हणाल्या. "पण बाटलीत."

दोघी इतक्या जोरात फिसफिसल्या की पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. तेवढ्यात सरांनी घोषणा केली, "आणि आता, या क्षेत्रात तब्बल एकोणतीस वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्या विदुषी." टाळ्या. ताईंनी डबा घट्ट धरला. निळ्या केसांच्या मुलीने हळूच त्यांच्या कोपराला धक्का दिला. "जा काकू. सांगून टाका. फार तर काय होईल? पडाल. आम्ही रोज पडतो."

ताई व्यासपीठावर गेल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्या कपाळाच्या उंचीला होता. कोणीतरी तो खाली केला. समोर दोनशे चेहरे.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "माझी एक चूक झालीय. आणि तुमची पण एक झालीय."

त्यांनी डबा समोरच्या टेबलावर ठेवला.

"मी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. मी सबकल्चर करते ते जंतूंचं. एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर. माणसांचं काही मी केलेलं नाही. तेव्हा मी आपली परत जाते."

आधी मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग ते हसू पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आलं. सर मात्र लालबुंद झाले होते. त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने आढ्याकडे पाहिलं. झालं होतं असं, की सरांनी त्याला सांगितलं होतं, 'सबकल्चरवर प्रत्यक्ष काम करणारं कोणी गावात असेल तर शोध.' कारकुनाची वहिनी त्याच रुग्णालयात परिचारिका होती. तिने बेधडक सांगितलं, 'आमच्या प्लेटताई. जन्मभर दुसरं काही केलेलं नाही.' यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"मी त्याला दहादा सांगितलं होतं, पत्रात उपसंस्कृती असा शब्द घाल," सर अध्यक्षांच्या कानाशी पुटपुटले. अध्यक्षांपुढचा ध्वनिक्षेपक चालू असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं. "शुद्ध लिहिलं असतं तर हे झालंच नसतं."

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य होते. सकाळपासून त्यांचे डोळे मिटत होते. आता ते टक्क जागे होते. "शुद्ध लिहिलं असतं," ते म्हणाले, "तर मी आत्ता झोपलेलो असतो. बाई, जाऊ नका. शब्द तुमचाही आहे. विषयच मुळी अर्थ आणि वापर असा आहे ना? तुमचा अर्थ सांगा. आणि वापर करून दाखवा."

ताईंनी पहिल्यांदा श्वास घेतला. डबा उघडला. स्पिरिटचा दिवा पेटवला.

दिव्याची निळी ज्योत बघताच दाराशी बसलेला शिपाई तीरासारखा बाहेर गेला आणि पाण्याची बादली घेऊन परत आला. "ओतू नका हो दादा!" ताई ओरडल्या, त्यांच्या रोजच्या, प्रयोगशाळेतल्या आवाजात. आणि एकदा तो आवाज बाहेर पडल्यावर भीती कुठल्या कुठे गेली. शिपाई पुढची वीस मिनिटं बादली घेऊन व्यासपीठाच्या पायरीशी उभा राहिला.

ताईंनी सुकलेली प्लेट दाखवली. "ही महिन्याभरापूर्वीची. यातलं खाणं संपलंय. यांनी स्वतःच केलेली घाण यांच्याच अंगावर आलीय. दाटी झालीय. असंच ठेवलं तर अजून काही दिवसांत सगळे मरतील." मग दुसरी प्लेट. "आणि ही या प्लेटवरनं घेतलेली. तीन दिवसांपूर्वी. बघा कशी टुकटुकीत दिसतात."

पुढच्या रांगा उठून व्यासपीठाभोवती जमल्या. एका प्राध्यापिकेने प्लेट नाकाजवळ नेली. ताईंनी तिच्या हातावर चापट मारली. "वास घ्यायचा नाही! पावाचं यीस्ट असलं म्हणून काय झालं, सवय वाईट." प्राध्यापिकाबाईंनी शहाण्या मुलीसारखी प्लेट खाली ठेवली.

मग ताईंनी लूप तापवला. लाल झाला. "आता थांबायचं. घाई केली तर भाजून निघतात." सगळे थांबले. दोनशे माणसं एक तार गार व्हायची वाट बघत होती. मग त्यांनी चिकटपट्टी काढून पांढरा ठिपका उचलला, कोऱ्या प्लेटवर ती नागमोडी रेघ ओढली, झाकण लावलं. "झालं. एवढंच."

निळ्या केसांची मुलगी अगदी पुढे येऊन उभी होती. "काकू, नव्या प्लेटवर गेलेले ते आणि जुन्या प्लेटवरचे ते, एकच ना? मग नवीन काय झालं?"

"काही नाही. तेच ते. फक्त खाणं ताजं आणि हातपाय पसरायला जागा."

"आणि किती वेळा करता येतं असं?"

ताई प्लेट खाली ठेवत म्हणाल्या, "माझ्या आधीच्या बाईंनी निवृत्त होताना मला एक पिवळा जंतू सांभाळायला दिला होता. मुलांना शिकवायला लागतो. निरुपद्रवी आहे, रंग मात्र सोन्यासारखा. त्याला मी दर महिन्याला ताजं खाणं भरलेल्या नव्या नळीत घालते. एकोणतीस वर्षं. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास झालं असेल."

"म्हणजे तोच अजून आहे? की त्याची पोरं?"

"हे मला कोणी विचारलंच नव्हतं," ताई म्हणाल्या, आणि खरंच विचारात पडल्या. "पोरंच म्हणायची. पण बाईंनी दिला तेव्हा जसा पिवळा होता, तसाच आहे."

समाजशास्त्राच्या सरांना आता राहवेना. वहीत भराभर काही लिहीत त्यांनी विचारलं, "आणि बाहेरचा जंतू आत शिरला तर? तुमच्या मते बाहेरच्यांचा शिरकाव मूळ गटाला घातक ठरतो का?"

"सर," ताई हात जोडून म्हणाल्या, "मी जंतूंबद्दल बोलतेय. माणसांचं तुम्ही बघा."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सर्वांत जोरात टाळ्या सरांनीच वाजवल्या, हे सांगायला हवं. माणूस मनाने मोकळा होता. चहाच्या वेळी ते ताईंना ग्रंथालयात घेऊन गेले, जाडजूड शब्दकोश उघडून दाखवला. तिथे एकाच शब्दाखाली दोन अर्थ एकावर एक बसले होते. एक माणसांचा, एक जंतूंचा. "आपल्याकडे मात्र दोन वेगळे शब्द केलेत," सर म्हणाले. "माणसांची ती उपसंस्कृती आणि तुमचं ते उपसंवर्धन."

"उपसंवर्धन," ताईंनी चव घेतल्यासारखा शब्द उच्चारला. "असं म्हणतात होय याला? आम्ही नुसतं मारतो."

चहाच्या टेबलाशी स्केटबोर्डवाल्यांनी त्यांना घेरलं. नमुना म्हणून उभं राहायचं काम त्यांनी उरकून टाकलं होतं. निळीने, म्हणजे त्या मुलीने, तिचे मित्र तिला याच नावाने हाक मारायचे, बिस्कीट चहात बुडवत विचारलं, "तुम्ही 'मारतो' म्हणता? अजून काय काय म्हणता तिथे?"

"आम्ही? काही नाही बाई. साधंच बोलतो." ताई आठवू लागल्या. "म्हणजे, प्लेटवर नको तो जंतू आला तर 'पाहुणे आले' म्हणतो. उबेच्या कपाटात ठेवल्या की 'झोपवल्या'. रिपोर्टसाठी सारखा फोन करणाऱ्या डॉक्टरला 'सदतीस अंश' म्हणतो, कारण आमच्या उबेच्या कपाटासारखा तो सदा तेवढाच तापलेला असतो."

पोरं खिदळली. मग त्यांनीही आपली पोतडी उघडली. पडून कातडी सोलवटली की ते त्याला 'सही केली' म्हणत, कारण सिमेंटवर खूण राहते. नुसता बघत उभा राहणारा तो 'खांब'. नवी उडी साधली की कोणी टाळ्या वाजवत नाही, फळीचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर आपटतात. दुसऱ्याच्या फळीवर विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

"आमच्याकडेही दुसऱ्याच्या लूपला हात लावत नाहीत," ताई म्हणाल्या. "मागे एकीने माझ्या लूपला लावला होता. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही."

निळी एकदम सरळ बसली. "अहो काकू! स्वतःची भाषा, स्वतःचे नियम, वर तो पांढरा कोट. सर सकाळी काय म्हणत होते? तुम्ही तर अख्खी उपसंस्कृतीच आहात!"

ताईंना हे इतकं आवडलं की घरी पोहोचेपर्यंत त्यांनी ते चार जणांना सांगितलं. त्यातला एक बसमधला अनोळखी माणूस होता.

पुढच्या रविवारी सकाळी त्या यजमानांना घेऊन उड्डाणपुलाखाली गेल्या. पोरांनी बोलावलंच होतं. खांबांच्या मधोमध सिमेंटची मोठी मोकळी जागा, एका बाजूला उतार, कडेला जुन्या पायऱ्या. वरून गाड्या जायच्या, खाली चाकं घरघरायची. यजमान पहिली पाच मिनिटं पाठीमागे हात बांधून उभे राहिले, अगदी खांबासारखे. मग एका मुलाच्या फळीचं चाक कुरकुरताना त्यांनी ऐकलं. त्यांची मान वळली.

"बेअरिंग कोरडं पडलंय," ते म्हणाले.

"काय काका?"

"दे इकडे."

खिशात पाना आणि ग्रीसची छोटी डबी होतीच, नेहमीच असायची. त्यांनी पायरीवर बसून चाक उघडलं, आतल्या बारीक गोळ्या रुमालावर काढल्या, पुसल्या, ग्रीस लावलं, परत बसवलं आणि चाकाला एक टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. फिरतच राहिलं. सगळी पोरं कानाजवळ चाक धरून ते ऐकू लागली. त्यानंतर पायरीपाशी रांग लागली. त्या दिवशी यजमान जेवायच्या वेळेलाही उठायला तयार नव्हते. येताना बसमध्ये ते सलग वीस मिनिटं बोलले. बेअरिंग, वळण, उतार, त्या उंच मुलाचा डावा पाय कसा चुकतो. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ग्रीस लागलेला तो काळा रुमाल त्यांनी स्वतः धुतला आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत.

असे पुष्कळ रविवार गेले. ताई नुसत्या बघायला जातात, असं त्या प्रयोगशाळेत सांगायच्या. पण एका सकाळी निळीने आपली फळी त्यांच्या पायाशी सरकवली.

"विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही ना?" ताई म्हणाल्या.

"मीच विचारतेय. ठेवता का?"

"अगं, नको," यजमान पायरीवरून म्हणाले. "गुडघे."

"तुमचे नाहीत, माझेच आहेत," ताई म्हणाल्या आणि पाय ठेवला.

निळीने एक हात धरला, उंच मुलाने दुसरा. फळी पायाखालून निसटायला बघत होती, मांजरासारखी. पहिल्यांदा चार पावलांएवढं अंतर. मग दहा. मग हात सुटले, की त्यांनीच सोडले, हे नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. उताराच्या शेवटच्या, अगदी बेताच्या भागावरून सत्तावन्न वर्षांच्या प्लेटताई एकट्या घरंगळत गेल्या, हात पसरून, तोंडाने एक लांबलचक 'ईऽऽ' काढत, आणि सपाटीवर पोहोचल्यावर फळीवरून उतरल्या नाहीत, पडल्या. तळहात सोलवटला. उठून बसल्या तेव्हा हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. चारही बाजूंनी फळ्यांची शेपटं सिमेंटवर आपटत होती, पुलाखाली सगळीकडे तो आवाज घुमत होता आणि यजमान पाना हातात घेऊन धावत येत होते. पान्याने ते काय करणार होते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्या हाताची पट्टी पाहिली. "हे काय?"

"सही केली," ताई म्हणाल्या. मॅडमना वाटलं, हजेरीपत्रकाचं काहीतरी बोलतायत.

वर्षभराने ताई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम प्रयोगशाळेतच होता. टेबलावर केक, बाजूला दोन दिवस आधीच सगळं समजावून दिलेली नवी तंत्रज्ञ, आणि भिंतीशी इस्त्रीचा शर्ट घालून अवघडलेले यजमान. पिवळ्याची नळी नव्या मुलीच्या हवाली झाली होती. ताईंनी तिला इतक्या सूचना दिल्या होत्या, की ती बिचारी नळी दोन्ही हातांनी धरून चालायची.

तेवढ्यात खालून सुरक्षारक्षकाचा फोन आला. मॅडमनी उचलला. "मॅडम, इथे पाच-सहा जण आलेत. चाकांच्या फळ्या आहेत त्यांच्याकडे. एकीचे केस निळे आहेत. म्हणतात, आम्ही ताईंचे नातेवाईक."

"कोणत्या बाजूचे?" मॅडमनी विचारलं.

पलीकडे काही कुजबुज झाली. "म्हणतात, प्लेटच्या बाजूचे."

"सोडा वर."

पोरं बावीस पायऱ्या दाणदाण चढून आली. प्रत्येकाला आधी साबणाने हात धुवायला लावले. मग त्यांना उबेचं कपाट दाखवलं, प्लेटा दाखवल्या. निळीने 'पाहुणे आलेली' एक प्लेट स्वतः ओळखून काढली आणि सगळी प्रयोगशाळा वा वा म्हणाली. 'सदतीस अंश' डॉक्टर केक खायला आले होते. आपल्याला हे लोक काय म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते हसले, हे पाहून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. समाजशास्त्राचे सर उशिरा पोहोचले, धापा टाकत. हातात फुलं आणि दुसऱ्या हातात वही. ताईंना बोलायचा आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि "सन्माननीय" म्हणून अडकल्या. मग म्हणाल्या, "मला इथे फार मजा आली. केक खा." आणि बसल्या.

केक खाता खाता निळी दारातून बाहेर डोकावली. बाहेर लांबच लांब व्हरांडा होता, घोटून गुळगुळीत केलेल्या फरशीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.

"मॅडम," तिने विचारलं, "हा व्हरांडा केवढा आहे हो?"

"विचारसुद्धा करू नकोस," मॅडम म्हणाल्या. केकचा तुकडा तोंडात टाकला. प्लेटताईंकडे पाहिलं. प्लेटताई चपला काढून बूट घालत होत्या. मग मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"दोन वाजता इथली सगळी जेवायला जातात," त्या म्हणाल्या.